न बघता घेतलेला चेंडू

डावऱ्याच्या बायकोने लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी ओळखल्या. हा माणूस एका जागी बसून जेवत नाही, आणि हातात द्यायची वस्तू हातात न देता फेकतो. साबण, किल्ल्या, मोजे, कांदे, एकदा तर उकडलेलं अंडं. फेकायचाही असा की आपण पाठमोऱ्या असलो आणि वळून हात पुढे केला, की वस्तू हातात आलेलीच असायची. "माणसासारखं हातात द्या की हो," असं ती आधी आधी चिडून म्हणायची. पुढे तिला इतकी सवय झाली, की माहेरी भाऊ जागचा उठून मीठ आणून द्यायचा त्याचंच तिला हसू यायला लागलं.

लिफ्ट दुरुस्त करणारा एकोणसाठ वर्षांचा हा गृहस्थ एके काळी कारखान्याच्या संघातून बास्केटबॉल खेळायचा, हे शेजारपाजारच्या कोणाला सांगून पटलं नसतं. उंची बेताची, डोक्यावरचं छप्पर उडालेलं, कमरेला पान्यांचा पट्टा. पण ज्यांनी त्याला खेळताना पाहिलं होतं ते सांगायचे, की चेंडू त्याच्या डाव्या हातात आला की समोरच्या पाच जणांची फजिती ठरलेली. तो बघायचा एकीकडे आणि चेंडू जायचा भलतीकडे, आणि भलतीकडे नेमका आपलाच माणूस हात वर करून उभा असायचा.

तो माणूस म्हणजे खांब्या. एकाच कारखान्यात, एकाच वर्षी, एकाच खात्यात दोघे लागले. खांब्या सहा फूट पाच इंच, दिसायला देखणा, हसला की बायाबापड्या कामं टाकून बघत राहायच्या. खांब्याने बास्केट केली की मैदान डोक्यावर घेतलं जायचं. डावऱ्या तोवर बचावाला मागे पळत सुटलेला असायचा.

आता यात खांब्याचा दोष होता असं म्हणवत नाही. दोष होता तो कागदाचा. टेबलावर बसणारा गुणलेखक त्या काळी दोनच गोष्टी लिहायचा: बास्केट कोणी केली आणि कोणी कोणाला ढकललं. चेंडू कोणी दिला हे लिहायला त्या कागदावर रकानाच नव्हता. त्यामुळे सात वर्षांच्या कागदांवर खांब्याच्या नावापुढे दर सामन्याला चोवीस गुण पडले आणि डावऱ्याच्या नावापुढे सहा.

शेवटच्या वर्षी संघ पहिला आला. चार सेकंद राहिले असताना खांब्याने बास्केट केली आणि दुसऱ्या दिवशी पेपरात मोठा फोटो आला. खांब्या हवेत, चेंडू जाळीत, आणि फोटोच्या कडेला मनगटापर्यंत कापलेला एक डावा हात. डावऱ्याच्या आईने तो हात ओळखला आणि कौतुकाने फोटो कापून ठेवला. डावऱ्याच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. महिनाभरात त्याने संघही सोडला आणि कारखानाही, आणि लिफ्ट कंपनीत नोकरी धरली. खांब्याला सांगायलासुद्धा गेला नाही. खांब्या मोठ्या शहराच्या संघात गेला, दोन वर्षं खेळला, मग पेपरांत आलं की त्याचे गुडघे गेले. तरी नाव राहिलं ते राहिलंच. अजूनही उंच पोरगं दिसलं की गावात म्हणतात, खांब्या होणार हा.

इतकी वर्षं डावऱ्याने हे मूग गिळून सोसलं होतं. पण यंदा कारखान्याच्या जुन्या मैदानावर छप्पर घालून नवं क्रीडागृह बांधलं आणि आतल्या भिंतीवर बारा जुन्या खेळाडूंची नावं कोरायचं ठरलं. त्यासाठी फॉर्म भरायचा होता, शुक्रवारपर्यंत. डावऱ्याने फॉर्म आणला, आणि तेव्हापासून त्याचं जेवणावरून आणि झोपेवरूनही लक्ष उडालं.

"सहा?" क्रीडा कार्यालयातल्या कारकुनाने फॉर्म बघून विचारलं होतं. "काका, इथे अठराच्या खाली कोणी नाही."

"मी चेंडू द्यायचो."

"कोणाला?"

"सगळ्यांना. जास्त करून खांब्याला."

"मग तसं त्यांच्याकडून लिहून आणा. सोबत खेळलेल्याची सही चालते." कारकून वाईट माणूस नव्हता. त्याला नियम माहीत होता, एवढंच.

सोबत खेळलेल्यांपैकी दोघे देवाघरी गेले होते, एक परदेशात मुलाकडे होता, एकाला स्वतःचं नाव आठवत नव्हतं. उरला खांब्या. आणि गंमत बघा, खांब्या ज्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायचा, तिथली लिफ्ट तीन महिन्यांपूर्वी देखभालीसाठी डावऱ्याकडेच आली होती. दर पंधरवड्याला तो तिथे जायचा. खालपासून वरपर्यंत एकेका मजल्यावरच्या दाराचा खटका, जो निसटला की लिफ्ट मध्येच अडकते, तो तपासायचा, तेल घालायचा, पुसायचा. चौथ्या मजल्यावर खांब्याच्या दारावरची पितळी पाटी दिसली की त्याचे हात घाई करायचे. मागच्या खेपेला तर त्या दाराच्या आत काठीचा टक् टक् आवाज आला आणि हा गडी खटका न तपासताच जिना चढून पाचव्यावर पसार झाला.

"सही मागायचीय हो, मूत्रपिंड नाही," बायको म्हणाली. फॉर्म चार दिवस त्याच्या खिशात होता, घडीवर घडी पडून मऊ झालेला. तो दारापर्यंत जायचा, परत यायचा, पाणी प्यायचा, पुन्हा दारापर्यंत जायचा.

"नाही म्हणाला तर?"

"तर नाही म्हणेल."

"आणि ओळखलंच नाही तर?"

भीती हीच आहे हे बायकोला ठाऊक होतं.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता कंपनीचा फोन आला. त्याच इमारतीची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकलीय, आत एक वयस्कर गृहस्थ आहेत. डावऱ्याला बघायची गरज नव्हती. खटका कोणत्या मजल्यावरचा निसटला असेल आणि आत कोण असेल, दोन्ही त्याला फोन ठेवायच्या आत कळलं होतं. स्वतःला शिव्या घालत तो निघाला.

गच्चीवरच्या लिफ्टखोलीला रखवालदाराने नवं कुलूप लावलं होतं आणि किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीच्या दुकानात होती. रखवालदार ती आणायला पळाला. डावऱ्या तिसऱ्या मजल्यावर चढला, तिकोनी किल्लीने बाहेरचं दार उघडलं. लिफ्टचा तळ त्याच्या छातीच्या वर येऊन थांबला होता. त्याच्या डोळ्यांसमोर दोन प्रचंड बूट, एक काठी, आणि जमिनीवर पसरलेले दोन लांबच लांब पाय. वरचा माणूस काही दिसत नव्हता.

"कोण आहे?" आतून आवाज आला. तोच आवाज. थोडा फुटलेला.

"मेस्त्री आहे साहेब. हलू नका. किल्ली येतेय. मग लिफ्ट हाताने खाली घेतो."

"या फटीतून उतरतो की मी. उंच आहे मी चांगला."

"अजिबात नाही! फटीतून कोणी उतरायचं नाही." डावऱ्या इतक्या जोरात ओरडला की बूट मागे सरकले.

मग डावऱ्याने बाहेरच्या बाहेर सहा फेऱ्या मारल्या. किल्ली यायला वीस मिनिटं तरी लागणार होती. खिशात फॉर्म होता. समोर माणूस होता, आणि त्याला कुठे उठून जाता येत नव्हतं. अशी संधी मागूनही मिळाली नसती, आणि हा खिशातला फॉर्म नुसता चाचपत होता.

"बोला हो काहीतरी," खांब्या आतून म्हणाला. "मला बंद जागेत कसंतरी होतं."

"साहेब तुम्ही बास्केटबॉल खेळायचात ना?" तोंडातून निघून गेलं.

"तुम्हाला कसं माहीत?"

"सगळ्यांना माहीत आहे."

मग काय, खांब्याची कळी खुलली. त्याने कारखान्याचा संघ सांगितला, सिमेंटचं मैदान सांगितलं, शेवटचे चार सेकंद सांगितले. चांगला सांगत होता. कितीतरी वेळा सांगितलेलं असावं, कारण कुठे थांबायचं ते त्याला पाठ होतं. डावऱ्या भिंतीला टेकला, सरळ झाला, पुन्हा टेकला.

"आणि तो चेंडू," त्याने विचारलं, "तो तुम्हाला दिला कोणी?"

"कोणता?"

"शेवटच्या बास्केटचा."

"कोणी दिला म्हणजे? मी हात वर केला. चेंडू आला."

डावऱ्याला वाटलं, आत्ता दार लावावं आणि चालतं व्हावं. बसू दे याला लोंबकळत. सात वर्षं, हजारो चेंडू, मनगट सुजेस्तोवर केलेला सराव, आणि चेंडू आला. पाऊस आला म्हणावं तसं. तो खरोखर जिन्यापर्यंत गेला. दोन पायऱ्या उतरलाही.

"मेस्त्री? आहात ना?"

"आहे."

"जाऊ नका हो." बूट जवळ ओढले गेले. "तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कोणी विचारत नाही हे. डावऱ्या म्हणून एक होता आमच्यात. मी कधी त्याच्याकडे बघितलं नाही. बघावं लागायचंच नाही. जाळीकडे बघत हात वर करायचा, की चेंडू हातात. मला वाटायचं असंच असतं. बास्केटबॉल म्हणजे असाच खेळ."

"मग?"

"मग तो गेला. का गेला, आजवर कळलं नाही. मीपण मोठ्या संघात गेलो. पहिल्या सामन्यात हात वर केला, चेंडू आला नाही. वाटलं, आज नाही आला, उद्या येईल. दोन वर्षं हात वर करून उभा होतो मी मेस्त्री, येड्यासारखा. लोक हसायला लागले. तेव्हा मीच पेपरवाल्यांना सांगितलं, गुडघे गेले म्हणून."

"गेले नव्हते?"

"आत्ता गेलेत. तेव्हा धडधाकट होते. तेव्हा फक्त डावऱ्या गेला होता."

रखवालदार धापा टाकत किल्ली घेऊन आला तेव्हा मेस्त्री भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि बाहीने डोळे पुसत होता.

गच्चीवर त्याने मुख्य बटण बंद केलं, ब्रेक सैल केला आणि मोठं चाक हाताने फिरवायला घेतलं. रोजच्या कामात हे चाक त्याला खेळण्यासारखं वाटायचं. आज दर वळणाला तो थांबून खाली कान देत होता. खालून रखवालदार ओरडला, "आली, आली, थांबा!" तसा ब्रेक लावून तो जिन्यावरून जवळजवळ धावत खाली आला.

खांब्या बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसला होता. बसलेलाही डावऱ्याच्या खांद्याला लागत होता.

"उपकार झाले मेस्त्री."

"खटका माझ्या चुकीने निसटला," डावऱ्या म्हणाला. "चौथ्या मजल्यावर मी थांबायचोच नाही. तू भेटशील म्हणून. मी डावऱ्या."

खांब्याने मान वर केली. चेहऱ्यावरून नजर डाव्या हातावर आली आणि तिथेच थांबली.

"लेका," तो म्हणाला. मग, "सगळं ऐकलंस?"

"ऐकलं. पण तीस वर्षांत एकदा तरी येऊन बोलायचंस! एकदा! पेपरात बोललास, शाळांत जाऊन भाषणं केलीस, आणि हे सांगितलंस कोणाला, तर लिफ्टच्या मेस्त्रीला?" त्याचा आवाज जिनाभर घुमला. रखवालदार हळूच एक मजला खाली सटकला.

"लाज वाटायची," खांब्या म्हणाला. "माझ्यात काय होतं, हे मला कळलं होतं ना."

डावऱ्याने खिशातून फॉर्म काढला आणि त्याच्यापुढे धरला. खांब्याने चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला. सहाच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"हे चालणार नाही. पेन दे. मी माझा फॉर्म परत मागवतो. माझे चोवीस आहेत ना, त्यातले बारा खोडतो. तुझे अठरा होतात. अठराला घेतात ते."

सरळ हिशेब होता. जे मागायला डावऱ्या चार दिवस तळमळत होता, त्याच्याहून जास्तच मिळत होतं. हो म्हणायचा अवकाश होता. पण त्याने झडप घालून फॉर्म हिसकावला, आणि मग जे बोलला ते बोलून होईपर्यंत त्यालाही माहीत नव्हतं.

"खबरदार! चोवीसला हात लावायचा नाही. एक गुण कमी करायचा नाही त्यातला. कुठे उभा राहशील, कुठला पाय आधी उचलशील, सगळं बघून एकेक चेंडू टाकलाय मी. ते माझे आहेत, खांब्या. चोवीसच्या चोवीस."

खांब्या त्याच्याकडे बघत राहिला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच नीट बघत होता. मग त्याने हात पुढे करून फॉर्म पुन्हा मागून घेतला, भिंतीवर सपाट धरला, सहाच्या आकड्यापुढे "आणि माझे सगळे" असं लिहिलं, आणि खाली सही केली.