जवारीची गिटार

आवाज अचानक थांबला तेव्हा मला बरं वाटलं. हे आधीच लिहून टाकतो, कारण गेले दोन महिने तेच मला खातंय. मिरजेतल्या एका हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावर, माझे वडील छातीच्या दुखण्याने पडून होते. खाली रस्त्यावर कुणा दादाच्या वाढदिवसाची मिरवणूक दुपारपासून तुंबली होती. ट्रकवर डीजेची भिंत उभी. खिडकीची काच थरथरत होती, सलाइनची बाटली हलत होती आणि प्रत्येक ठोक्याला अब्बा छातीवर हात धरून डोळे मिटत होते. मी बिरूला, माझ्या कॉलेजपासूनच्या दोस्ताला, फोन केला. कराडला त्याचा साउंडचा धंदा होता, त्या दिवशी तो कामाला सांगलीत आला होता आणि इकडच्या डीजेवाल्यांना ओळखत होता. "तुझ्या ओळखीतली माणसं आहेत, जरा सांग त्यांना," मी म्हटलं. "आलो," एवढंच तो बोलला. अर्ध्या तासाने आवाज बंद. मी अब्बांच्या ओठांना पाणी लावलं आणि मनात म्हटलं, केलं गड्यानं काम... त्याच वेळी खाली दहा-बाराजण त्याला स्पीकरच्या लोखंडी स्टँडच्या नळ्यांनी मारत होते.

पाच मिनिटांनी एक नर्स धावत वर आली आणि म्हणाली, "खाली एकाला फोडलाय." मी जिने उतरून गेलो. बिरू ट्रकच्या मागच्या चाकापाशी पडला होता. हातात पक्कड होती, शेजारी तोडलेली मेन वायर. दोनदा हात जोडून सांगितलं, तिसऱ्यांदा वायर तोडली, असं पानवाल्यानं नंतर सांगितलं. दोन्ही कानांतून रक्त येत होतं. माझ्याकडं बघून तो काहीतरी म्हणाला, पण त्याच्या तोंडात दात उरले नव्हते आणि मला ते कळलं नाही. अब्बा ज्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर झोपले होते, तिच्याच तळमजल्यावर दोन तासांत तो गेला.

बिरू म्हसवडचा, धनगराच्या घरातला. कराडला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर आमची खोली एक होती. पहिल्याच दिवशी त्यानं माझी सीडी हातात घेतली. मी आवडती गाणी निवडून भरून घेतली होती. "ह्यो काय प्रकार हाय?" म्हणत त्यानं ती गुडघ्यावर मोडली. "अल्बम पयल्या गाण्यापासनं शेवटच्या गाण्यापतुर ऐकायचा आसतो. ताटातला निसता पापड खाऊन उठतोस व्हय रं तू?" मी आंघोळीचा मग त्याच्या तोंडावर हाणला. ओठाला तीन टाके पडले. दवाखान्यातून येताना त्यानं मला चहा पाजला, रात्री हेडफोन कानाला लावून एक अख्खा अल्बम ऐकवला आणि मध्ये बोललो म्हणून डोक्यात टपली मारली. अशी आमची दोस्ती झाली.

त्याची मतं म्हणजे मारामारीची आमंत्रणंच असायची. कॉन्सर्टच्या रेकॉर्डिंगमध्ये मागाहून टाळ्या मिसळतात, हे त्याच्या डोक्यात बसलेलं. एकदा एका नावाजलेल्या लाइव्ह अल्बममध्ये तीच शिट्टी दोन गाण्यांत त्यानं पकडली आणि तो अल्बम चांगला म्हणणाऱ्या सीनियरला मेसमध्ये ताटानं बडवलं. जुन्या अल्बमांच्या सुधारलेल्या आवृत्त्या ऐकल्या की तो शिव्या द्यायचा. महागड्या माइकवर त्याचा विश्वास नव्हता. हॉस्टेलच्या जिन्यात, वळणावर, एकच साधा माइक घोंगड्यात गुंडाळून ठेवायचा आणि वरच्या मजल्यावर ड्रम वाजवायला लावायचा. ही युक्ती त्याला गावच्या सिद्धनाथाच्या यात्रेनं शिकवली होती. धनगरांच्या गजी नाचात त्याचा बाप ढोल वाजवायचा, आणि लहानपणी घोंगड्याखाली पडून त्यानं तो ऐकला होता. "मोठा आवाज येगळा आन् जड आवाज येगळा," तो म्हणायचा. "मोठा कानावर मारतो. जड पायातनं वर येतो." डीजेचा त्याला मनापासून राग होता तो त्यामुळेच. एका लग्नात नवऱ्याच्या मामानं मशीनची बटणं पुढं ढकलली म्हणून त्यानं मामाचं नाक फोडलं होतं. दोन महिने कुणी काम दिलं नाही, पण तो काही बदलला नाही.

मिरजेत आमचं सतारी-तानपुऱ्यांचं दुकान. बिरू अब्बांच्या मागं लागला, मला गिटार करून द्या. अब्बांनी जन्मात गिटार केली नव्हती. तरी तुनाचं लाकूड काढलं, नव्वद दिवस खपले, आणि शेवटी सवयीनं घोडीला, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीला, जवारी काढली. तानपुऱ्याची घोडी कानशीनं अशी घासतात की तार तिला निसटती लागून झणझणत राहते. गिटारला ते चालत नाही. बिरूनं पहिली तार छेडली आणि तोंड वाकडं केलं. "आवं अब्बा, वाट लावली की तुमी हिची." मग मशीनला जोडून जोरात वाजवली आणि पुन्हा पुन्हा वाजवली. तो खरखरीत, गुरगुरणारा आवाज काढायला लोक गिटारला हजारो रुपयांच्या इलेक्ट्रॉनिक डब्या लावतात. इथं तो लाकडातून येत होता. त्यानं अब्बांच्या पायाला हात लावला.

त्याच वर्षी गॅदरिंगला अब्बा मुद्दाम कराडला आले, पहिल्या रांगेत बसले. बिरू त्यांनी केलेली गिटार जिवाच्या आकांतानं वाजवत होता. शेवटच्या गाण्याला त्यानं गिटार मानेला धरून उचलली आणि स्टेजवर तीनदा आपटली. पोरं बेभान ओरडली. परदेशातले मोठमोठे वादक हेच करतात, हे त्यांना माहीत होतं. आमच्या घरात वाद्याला चुकून पाय लागला तर हात कपाळाला लावतात, हे बिरूला माहीत होतं आणि तो विसरला. अब्बा स्टेजवर चढले आणि त्याच्या दोन थोबाडीत दिल्या. माइक चालू होता, त्या थोबाडीत सगळ्या मैदानानं ऐकल्या. एकाला चार देणारा बिरू हात खाली सोडून उभा राहिला, ओठातून रक्त गळत होतं. अब्बांनी खांद्यावरचा रुमाल पसरला, तुकडे गोळा केले, स्क्रूसुद्धा शोधून घेतले आणि गाडीत ते गाठोडं मांडीवर घेऊन मिरजेपर्यंत बसले.

त्यानंतर वीसेक वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. बिरू महिन्याकाठी मिरजेला यायचा आणि गल्लीच्या तोंडाशी चहाच्या गाड्यावर मला बोलवायचा. "दुकानात चल की," मी म्हणायचो. "कुटल्या तोंडानं येऊ?" तो विचारायचा. घरी गेलो की अब्बा कानस चालवत मान वर न करता विचारायचे, "आला होता?" मी हो म्हणायचो. ते पुन्हा घासायला लागायचे, आणि मीही कधी त्याला हाताला धरून आत आणलं नाही.

हॉस्पिटलातून अब्बा घरी आले. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून आम्ही बिरूचं जाणं महिनाभर लपवलं. एका सकाळी ते दुकानात येऊन बसले आणि म्हणाले, "त्या दिवशी आवाज कुणी बंद केला?" मी सांगितलं. सगळं सांगितलं, फोनसकट. त्यांच्या हातात पटाशी होती. ती त्यांनी माझ्यावर फेकली. माझ्या कानाजवळून जाऊन ती दाराच्या चौकटीत रुतली.

"तू का नाही गेलास खाली?" ते म्हणाले. "बाप तुझा होता."

मी पटाशी चौकटीतून उपटून त्यांच्यापुढं ठेवली. खरं उत्तर मला ठाऊक आहे. भांडण बिरूनं करायचं आणि मी चहा प्यायचा, हे मी हॉस्टेलपासून धरून चाललो होतो. माझ्या वाट्याच्या किती लाथा त्यानं खाल्ल्या असतील... तीन जिने उतरायचे होते फक्त. मी भित्रा आहे, आणि माझ्या भित्रेपणापायी माझा मित्र मेला.

अब्बांनी मला माळ्यावर चढायला लावलं. सतारीच्या जुन्या भोपळ्यांच्या मागं गोणपाटात बिरूची गिटार होती, अखंड. कधीतरी त्यांनी ती सांधली होती, मला पत्ता न लागू देता. मानेजवळ सरसाची काळी रेघ दिसत होती. फक्त घोडी कोरी होती, जवारी न काढलेली. "हे त्याच्यासमोर करायचं ठेवलं होतं," ते म्हणाले. मग कानस घेऊन बसले. आजारपणानं दम लागायचा, दर पाच मिनिटांनी थांबत होते. दुपारपर्यंत जवारी निघाली. एकच तार चढवून त्यांनी छेडली, लाकडाला कान लावला आणि ती झणझण पूर्ण विझेपर्यंत कान काढला नाही.

आमच्या दुकानात खिळ्यांच्या दोन रांगा आहेत. डावीकडं दुरुस्तीला आलेली वाद्यं, उजवीकडं दुरुस्त झालेली, प्रत्येकाला मालकाच्या नावाची चिठ्ठी. न्यायला कुणी आलं नाही तरी अब्बा ते वाद्य दुसऱ्याला देत नाहीत. बिरूची गिटार उजवीकडं टांगली आहे. चिठ्ठीवर अब्बांच्या वाकड्या अक्षरात लिहिलंय: बिरू, म्हसवड. तयार आहे.