चोचीचा कप

१९५९ साल. मी एकवीस वर्षांचा. मालकानं तोंडातलं पाणी माह्या तोंडावर थुंकलं. साऱ्या वॉर्डासमोर.

पुसदच्या एका दवाखान्यात मी वॉर्डबॉय होतो. मालक म्हणजे ढाणकीकडचा बडा जमीनदार. बैलाच्या दमणीवरून पडला, खुबा मोडला. आपल्या अंगानं कूस बदलता येत नव्हती. सिस्टरनं मले शिकवलं होतं. पेशंटले घडीघडी कुशीवर करायचं, पाठ कोरडी ठेवायची, चादरीले सुरकुती पडू द्यायची नाही. नाहीतर कातडी सडते. मी ते मन लावून करत होतो. त्याच्या हगण्या-मुतण्याचं भांडंही मीच धरत होतो. तेवढ्याले माहा हात चालत होता. पाण्याले नाही. पाणी पाजायले घरून गडी आणला होता.

मी कुशीवर केलं की त्याची बायको, बाईसाहेब, त्याच्यावर गोमूत्र शिंपडत. इटाळ धुवायले. कमरेवर जखम पडली होती, ते तिच्यात उतरे. मालक किंचाळे, "या पोट्ट्याचा हात लागला की आग होते!"

मी सिस्टरले सांगितलं, आग गोमूत्राची आहे.

"तू गप राह्य. मोठी माणसं आहेत."

त्या दुपारी गडी बाजारात गेलता, बाईसाहेब देवळात. मालकाचे ओठ फुटले होते. "पाणी दे बे," म्हणाला. मलेच म्हणाला. मी मान उचलून धरली, चोचीचा कप लावला. घटाघटा प्याला. शेवटचा घोट तोंडात, अन् दारात बाईसाहेब.

तोच घोट माह्या तोंडावर आला.

"यानं जबरदस्तीनं पाजलं!" मालक ओरडला.

कप मलेच फोडायले लावला. फरशी माह्याच सदऱ्यानं पुसायले लावली. उघड्या अंगानं, गुडघ्यावर.

"काबे, नवा धरम घेतला त हात बदलले काय?" मालक हसला. वॉर्ड हसला. सिस्टर खिडकीबाहेर पाहत राह्यली.

घरी मायनं ताट वाढलं. मी हात धुतले अन् हाताकडेच पाहत बसलो. छप्पन साली याच हातांनी घरातले देव पुस नदीत सोडले होते. देवाले भ्यालो नाही. अन् याले भ्यायचं?

सकाळी वॉर्डात गेलो. खाटेखालचा गोमूत्राचा लोटा उचलला, मोरीत ओतला.

"भांडं आण बे, लवकर!" मालक तळमळत होता.

आणलं. एका हातात भांडं, दुसऱ्या हातात पाण्यानं भरलेला नवा कप.

"आधी माह्या हातचं पाणी. मंग भांडं."

"हाकला याले!" बाईसाहेब ओरडल्या.

"हाकला ना. मंग भांडं कोण धरते? हा?"

गडी मांगं सरला.

मालकाच्या कपाळावर घाम फुटला. मी भांडं पाठीमांगं धरलं. कप त्याच्या ओठाले लावला. अन् उभा राह्यलो.