हाटेल वाढवलं

भिगवणला हायवेच्या कडेला आईचं छोटं हाटेल होतं. मासळीचा रस्सा, भाकरी, चहा. चौऱ्याण्णव साली गुजरातेत प्लेग आला आणि आमच्याकडं आली नुसती त्याची आवई. तेवढ्यानंच आमचं कंबरडं मोडलं. ट्रकवाले तोंडाला रुमाल बांधून सुसाट जायचे, बाहेरचं खायला लोक घाबरायचे. वडील कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचे, पण उसाचा हंगाम अजून लांब होता. घरात चहातलं दूध गेलं, मग साखर गेली. धाकट्या भावाची चप्पल तुटली तर आईनं तार घालून दिली. मला त्या प्लेगचा असा राग यायचा! मेला आलाही नाही आणि सगळं घेऊन गेला.

साथ ओसरली, तरी गिऱ्हाईक फिरकेना. रिकामी बाकडी बघून कुणी थांबायचंच नाही. शेवटी आईनं चूल विझवली आणि इंदापूरला निघालेल्या ओळखीच्या ड्रायव्हरजवळ मामाला निरोप धाडला, "आमी हाटेल वाढवलं म्हणावं." कायमचं बंद केलं, असं तिला सांगायचं होतं. पण धंद्याच्या जागी 'बंद' हा शब्द ती तोंडातून काढायची नाही. दुकान वाढवायचंच असतं.

मामाला भलतंच कळलं. दुसऱ्या दिवशी तो एस्टीतून उतरला तो हे एवढं मोठं पातेलं घेऊन. "आक्का, मोठं केलंस म्हणं हाटेल! लहान भांड्यात भागायचं न्हाय आता."

आई आधी खो खो हसली. मग पदर तोंडाला लावून रडली. उलगडा झाल्यावर बिचारा मामा खजील झाला. मग म्हणाला, "मासळी मी आणतो, तू रांध. अन् मी हितं रस्त्याकडं तोंड करून जेवणार."

बसला की पठ्ठ्या! भुरके मारत जेवला. ताट रिकामं झालं की रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा ओरडायचा, "वाढ गं!"

"आरं, पोट फुटंल तुजं," आई कळवळली.

"फुटू दे. तू वाढ."

दुपार कलताना एक ट्रक पुढं जाऊन थांबला आणि मागं आला. ड्रायव्हरनं उतरून मामालाच विचारलं, "मासळी ताजी हाय का?" मामाचं तोंड भरलेलं, त्याला बोलवेना. तो नुसता सरकला आणि आपल्या शेजारी त्याला जागा करून दिली. तो माणूस मामाला खेटून बसला. आईनं त्या ड्रायव्हरपुढं ताट ठेवलं, आणि "सावकाश जेव रं बाबा" एवढं म्हणताना तिला हुंदका आवरला नाही.