स्तूरेने मागे ढकललेला तास

फिनलंडचं तोर्निओ आणि स्वीडनचं हापारांदा, दोन गावं शेजारीशेजारी. मधे देशाची सीमा आणि एका तासाचा फरक. या तासाने इर्याच्या डोक्याचं भुस्कट पाडलं होतं. दोन्ही गावांच्या सामायिक सौनाचे, म्हणजे वाफेच्या स्नानघराचे, कॉम्प्युटर ती सांभाळायची. सौना फिनलंडमध्ये, म्हणून घड्याळही फिनलंडचं. स्वीडिश रखवालदार स्तूरेला हे सांगून ती थकली होती. त्याच्या डोक्यात शिरेल तर शपथ!

त्या शनिवारी ती वडिलांना, ओन्नींना, घेऊन सहाला पोहोचली. सातला त्यांना हापारांदाच्या वृद्धाश्रमात कायमचं सोडायचं होतं. तिथे नुसता शॉवर, सौना नाही. म्हणून म्हाताऱ्याचं एकच मागणं होतं, एकदा शेवटची कडक वाफ. आत पाहिलं तर भट्टीवरचे दगड गार. कॉम्प्युटरच्या घड्याळावर पाचला आपोआप चालू होणारी भट्टी आत्ता कुठे कुरकुरत होती.

इर्याने बाकावरच लॅपटॉप उघडून घड्याळ तपासायची आज्ञा, timedatectl, टाइप केली. टाइमझोन हेलसिंकी, बरोबर. वेळ मात्र पाच! आणि इंटरनेटवरून वेळ जुळवणं कुणीतरी बंद केलेलं.

“स्तूरे!”

स्तूरे झाडू घेऊनच आला. “आमच्याकडची माणसं गोंधळतात गं. म्हणून तास मागे घेतला. मेलं सारखं पुढे पळायचं, मग ते जुळवणंच बंद करून टाकलं.”

“अरे, मग भिंतीवर दुसरं घड्याळ टांगायचंस! कॉम्प्युटरला खोटी वेळ कशाला सांगितलीस? हाताने काटे फिरवायला हे काय तुझ्या आजोबांचं घड्याळ आहे?”

तिने एका ओळीत जुळणी पुन्हा सुरू केली. घड्याळ मुकाट्याने सहावर आलं. दगड तापायला मात्र तास लागणार होता. तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी संताप आला.

“सात म्हणजे कुणाचे सात?” टॉवेल गुंडाळून बसलेल्या ओन्नींनी विचारलं.

“म्हणजे काय, बाबा?”

“अगं, वृद्धाश्रम स्वीडनमध्ये आहे ना?”

इर्याने वृद्धाश्रमात फोन लावला. “आमचे सात,” पलीकडची बाई म्हणाली. “तुमचे आठ.”

स्तूरेने तोंड फिरवलं.

“हसलास तर याद राख,” इर्या म्हणाली.

फिनलंडच्या सातला सौना चांगला तापला. ओन्नी सगळ्यात वरच्या फळीवर जाऊन बसले.

“टाक पाणी.”

“सोसेल का, बाबा?”

“टाक गं. उद्यापासून कोण टाकणार आहे?”

इर्याने दगडांवर पळीभर पाणी ओतलं आणि लगेच दुसरी पळी भरली.