तिसऱ्या शिफ्टची ढोलकी

नाणेकरवाडीच्या मागल्या अंगाला, कंपन्यांच्या भिंती संपतात तिथं एका पत्र्याच्या शेडमध्ये बाप्तिस्त मंडळी भरते. शेड आधी कोंबड्यांची होती. उन्हाळ्यात अजून वास सुटतो, आणि पाळकसाहेब प्रार्थनेला डोळे मिटा म्हणाले की बारकी पोरं नाकंबी मिटतात. दर रविवारी पहिल्या रांगेत सोजरबाई बसते. मांडीवर ढोलकी, पदर कमरेला खोचलेला, तोंड अर्धं मंडळीकडं वळवलेलं. नवख्या माणसाला वाटतं, म्हातारी गाण्याची वाट बघतेय. ती झोपलेला माणूस शोधत असते.

मंडळीतले निम्मे लोक कंपनीतले. रविवारी सकाळी तिसरी शिफ्ट सुटली की पायात तेच जड बूट, अंगावर तोच डागाळलेला युनिफॉर्म घेऊन सरळ उपासनेला. रातभर मशीनपुढं उभा राहिलेला माणूस पंख्याखाली खुर्चीला टेकला आणि पुढून कोणी मऊ आवाजात उपदेश सुरू केला, की त्याची मान पडणारच. मान पडली की सोजरबाई उठते. पाय न वाजवता त्याच्यामागं जाते आणि ढोलकीवर कडाडून थाप मारते. त्याबरोबर सगळी मंडळी दोन्ही हात वर करून ओरडते, "हात काढा!"

झोपलेला धडपडत उभा राहतो. मग त्यानं खड्या आवाजात सांगायचं, कुठल्या शिफ्टवरून आलो, काय काम करून आलो. मंडळी म्हणते "आमेन", आणि पुढच्या गाण्याचं पहिलं कडवं त्याचा मान. उपासना सुटल्यावर पहिला चहाचा कपही त्याचाच. नव्या लग्नाच्या सुनासुद्धा हसून हसून डोळे पुसतात, आणि पाळकसाहेब उपदेश जिथं तुटला तिथून गाठ मारून पुढं जातात.

ही रीत कुठल्या पुस्तकातली नाही. ती सोजरबाईच्या नवऱ्याची, ज्ञानदेवची. नेवाशाकडून दोघं आले तेव्हा चाकणला कंपन्या नुकत्या उभ्या राहत होत्या. ज्ञानदेव प्रेस शॉपला लागला. पत्रा आत सरकवायचा, वरून प्रेस पडायचा, पत्रा काढायचा. तिथं बोटं तुटलेली माणसं त्यानं डोळ्यांनी बघितली. एका रविवारी तो उपासनेत असा घोरायला लागला की बाकीच्यांना उपदेश ऐकू येईना. सोजरबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाण्यासाठी घेतलेली ढोलकी मांडीवर होती. रागाच्या भरात तिनं त्याच्या कानाशी थाप हाणली. ज्ञानदेव ताडकन उठला आणि शेड दणाणून ओरडला, "हात काढा! आरं हात काढा!"

मंडळी आधी दचकली, मग हसून लोळली. त्या वेळचे म्हातारे पाळक मात्र पुस्तक मिटून म्हणाले, "हा माणूस झोपेतबी दुसऱ्याची बोटं वाचवतोय. आपण जागेपणी काय करतो? ज्ञानदेव, पुढचं गाणं तुम्ही धरा." ज्ञानदेवनं धरलं, तेही बेसूर. तिथून रीत पडली. पुढं ज्ञानदेव दम्यानं गेला. सोजरबाईनं कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटून पोरी उजवल्या, आता एका खानावळीत भाकऱ्या थापते. नवऱ्याचं नाव ती फारसं घेत नाही. ढोलकी तेवढी कुणाला हात लावू देत नाही.

मंडळीच्या तरुण संघाची जबाबदारीही तिच्याकडंच. बाप्तिस्त मंडळीला वर कोणी बिशप नसतो. पाळक कोण नेमायचा इथपासून पंखा कुठं टांगायचा इथपर्यंत सगळं सभेत हात वर करून ठरतं. सोजरबाईलाही हात वर करूनच नेमलेलं. गिटार येत नाही, इंग्रजी येत नाही, पण पोरं चुकली तर शिव्या घालते आणि उपाशी असली तर खाऊ घालते. एवढ्यावर संघ चालला होता.

मग उद्धवराव आले. उद्धवराव निगडीच्या मोठ्या मंडळीचे पंच, भोसरीत स्वतःचं वर्कशॉप. माणूस वाईट नव्हे. त्यांनी तरुण संघाला स्पॉन्सर करायचं मनावर घेतलं. ड्रमसेट, कीबोर्ड, पोरांना टी-शर्ट, पाचगणीच्या तरुण मेळाव्याला जायला बस. पोरं हवेत तरंगायला लागली. सगळ्यांत जास्त आयुष. मोल्डिंगला ऑपरेटर, अंगानं काठी, हाताला कायम ताल. रंगाच्या रिकाम्या बादल्या उपड्या घालून तो उपासनेत वाजवायचा. एक बादली तडकली होती तर तिला चिकटपट्टी लावून तो म्हणायचा, "हिचा आवाज आता लयच भारी येतो राव."

त्या आठवड्यात पाळक समाधानसाहेब खानावळीत आले. सोजरबाई तव्यापुढं होती.

"सलाम, मावशी."

"सलाम. तितंच ऱ्हावा पाळकसाहेब, पीठ उडतंय. पांढऱ्या शर्टात आलाय म्हंजी कायतरी अवघड बोलाया आलाय."

समाधानसाहेब हसले आणि मग हसू गिळलं. "उद्धवराव रविवारी सामान घेऊन येणार. पाहुणे पण आहेत. तरुण संघ त्यांच्या मंडळीतल्या स्वरूपाताईंकडं द्यावा म्हणतात. मारुंजीला राहतात, आयटीत आहेत, गिटार छान वाजवतात."

"द्या की. माझी कुठं ना हाय? माझं गुडघं बी आता कुरकुर करत्यात." तिनं भाकरी उलटली. "टी-शर्टाचं काय?"

"पुढं येशूचं नाव. मागं त्यांच्या वर्कशॉपचं."

"म्हंजी पोरगं म्होरं चाललं तर मागच्याला काय दिसणार? पत्रा कापून मिळेल?"

तव्याशेजारची शालनबाई कणीक मळता मळता फिसकन हसली. समाधानसाहेब हसले नाहीत. "मावशी, अजून एक आहे. ते 'हात काढा' बंद करा म्हणतात. देवाच्या घरात शोभत नाही. तिसऱ्या शिफ्टवाल्यांनी घरी झोपून संध्याकाळच्या प्रार्थनेला यावं. नाहीतर मागं बसावं, आवाज न करता."

सोजरबाईचा हात थांबला. तव्यावर भाकरी करपायला लागली तरी तिनं ती उचलली नाही.

"मागं म्हंजी कुठं? भिंतीच्या पल्याड?"

"पोरांचं बघा मावशी. तुम्ही अडलात तर त्यांचा मेळावा जाईल."

"पाळकसाहेब, मला जबाबदारीतनं काढा. ड्रम घ्या, गिटार घ्या. पन ज्यानं रातभर उभं राहून काम केलं त्याला झोपेची लाज वाटाया लावायची, हे माझ्या हयातीत न्हाई व्हायचं. ढोलकी कपाटात जाणार न्हाई. सांगा त्यांना."

संध्याकाळी आयुष तिच्या दारात येऊन उभा. चप्पलही काढली नाही.

"मावशी, एक रविवार. फक्त एक रविवार गप बसा. सामान एकदा आपलं झालं की पुढच्या आठवड्यापासून परत हात काढा."

"म्हंजी देणाऱ्याला फसवायचं?"

"मग काय करू? जन्मभर बादल्या बडवू?"

सोजरबाई त्याच्या हातांकडं बघत राहिली. पोरगं तिच्या डोळ्यापुढं मोठं झालेलं. गेल्या साली शेततळ्यात त्याचा बाप्तिस्मा झाला तेव्हा पाळकसाहेब त्याला पुरता बुडवू शकेनात, गुडघे वर राहायचे. काठावरून हिनंच ओरडून सांगितलेलं, "आरं दुमड की लेका, अर्धाच वाचशील!" त्याच्या बोटांत काय आहे ते तिला ठाऊक होतं. ढोलकी वाजवणाऱ्याला दुसऱ्याचे हात कळतात.

"झोपू नको म्हंजी झालं," ती म्हणाली. "कुनी झोपलंच न्हाई तर मी कशाला उठू?"

रविवारी शेड धुऊन काढलेली. पुढं नवा ड्रमसेट, लाल, चकचकीत, ऊन पडलं की डोळे दिपतील असा. त्यामागं आयुष. ओव्हरटाइम धरून तिसरी शिफ्ट करून आलेला, डोळे तांबारलेले, पण चेहरा असा की नवरदेवानं बघून लाजावं. शेजारी स्वरूपा गिटार घेऊन. चांगली मुलगी. आल्या आल्या सोजरबाईला वाकून सलाम केलेला. सोजरबाई शेवटच्या रांगेत, ढोलकी मांडीवर, वर पदर. तिसऱ्या शिफ्टची माणसं तिच्या आजूबाजूला बसवलेली. पहारेकरी पिंटू डोळ्याला पाणी लावून लावून जागा राहत होता. झोप लागू नये म्हणून तो स्वतःच्या मांडीला चिमटे काढत होता. 

पहिली दोन गाणी झाली. आयुषनं असा वाजवला की पत्रे थरथरले. मग उद्धवराव बोलायला उभे राहिले. मी कसा कष्टातून वर आलो, शिस्त म्हणजे काय, उपासना म्हणजे काय. खरं बोलत होते, पण लांबण लावत होते. आवाज भारदस्त, एकसुरी, पंखा वर गरगरतोय. पिंटू जागा राहिला. शालनबाई जागी राहिली.

धप्प असा आवाज झाला. आयुषचं डोकं ड्रमवर पडलं होतं. झांज हलकेच किणकिणली आणि थांबली. त्यानं गाल ड्रमला लावला आणि तोंड उघडं टाकून झोपला.

शेडमधल्या प्रत्येक माणसाचे हात मांडीवरून उचलले गेले आणि तिथंच अडकले. सगळ्यांनी मागं वळून सोजरबाईकडं बघितलं.

उद्धवरावांचा चेहरा उतरला. "समाधानसाहेब, उठवा त्याला. म्हणावं बाहेर जाऊन तोंड धू. इतकं महागाचं सामान दिलं ते झोपायला?"

समाधानसाहेब उठले. तेवढ्यात मागून आवाज आला, "पाळकसाहेब, हात लावू नका त्याला."

सोजरबाई चालत पुढं आली. मधल्या वाटेनं, सगळ्यांदेखत, गुडघे कुरकुरत. ड्रममागं गेली. क्षणभर त्या पोराच्या उघड्या तोंडाकडं बघितलं. ड्रम जाणार, मेळावा जाणार, हे पोरगं आपल्याशी बोलायचं नाही, सगळं तिला दिसत होतं. तिनं थाप मारली.

"हात काढा!" अख्खी शेड ओरडली. दाबून धरलेलं असल्यानं नेहमीपेक्षा जोरात.

आयुष उठला तो झांजा पाडतच. डोळे मिटलेलेच, दोन्ही हात वर. "तिसरी शिफ्ट! मोल्डिंग! रातभर डब्याची झाकणं काढली!"

"आमेन!"

आणि त्यानं सवयीनं कडवं धरलं. धरता धरता डोळे उघडले, पुढं उद्धवराव दिसले, आणि गाणं तिथंच तुटलं. स्वरूपा मात्र गिटारवर डोकं टेकून खुदुखुदु हसत होती. पाहुण्यांतली एक बाई टाळ्या वाजवून मग इकडंतिकडं बघत थांबली.

"हे असं असेल तर," उद्धवराव म्हणाले, "मला विचार करावा लागेल."

"तुमी कशाला इचार करता?" सोजरबाई म्हणाली. "बाप्तिस्त हाय ना आपण? मंडळीला इचारू. पाळकसाहेब, मी सभासद हाय, मी सभा मागते. आत्ता."

समाधानसाहेबांनी घाम पुसला. नाही म्हणायची सोय नव्हती. आशीर्वाद आटोपून त्यांनी सभा उघडली. सोजरबाई बोलली ती एवढंच, "ड्रम नको असं मी म्हणत न्हाई. ड्रम चांगला हाय, पोरगं त्याहून चांगलं वाजवतं. पन त्याच्या बदल्यात झोपलेला मानूस मागं बसवायचा आसंल, तर आधी माझा नवरा मागं बसवावा लागंल. तो तर आता उठून बी जायचा न्हाई. ज्यांना झोपलेला मागं बसवणं मान्य हाय त्यांनी हात वर करा."

काही हात वर झाले. ज्यांच्या पोरांनी पाचगणीसाठी बॅगा आणल्या होत्या त्यांचे. सोजरबाईनं त्यांच्याकडं राग धरून बघितलं नाही.

"आन् ज्यांना मान्य न्हाई?"

पिंटूचा हात वर गेला. शालनबाईचा गेला. मागच्या दोन रांगा वर गेल्या. मग पुढं, ड्रममागून एक हात हळूहळू वर आला. त्यात ड्रमची काठी तशीच होती.

"आयुष, तुझा धरू?" समाधानसाहेबांनी विचारलं.

"धरा," तो खाली बघत म्हणाला. "झोपलो तर मीच होतो."

जास्त हात रीतीच्या बाजूनं निघाले, आणि दुपारी सामान परत न्यायला टेम्पो आला. ड्रमचे स्टँड आयुषनंच सोडवले, एकेक करून पुसून चढवले. उद्धवराव गाडीपाशी उभे होते. "मावशी, तुमच्या हट्टानं पोरांचं नुकसान झालं."

"झालं," सोजरबाई म्हणाली. "ते माझ्या डोक्यावर. पन तुमचं बी कायतरी झालं. आमी वरडलो तवा तुमचा ओठ हसाया निघाला होता. तुमी दाबलात. चा घेऊन जावा."

त्यांनी चहा घेतला नाही. स्वरूपानं घेतला, दोनदा.

आयुष पुढचे कित्येक आठवडे सोजरबाईशी बोलला नाही. बादल्या वाजवायचा आणि तिच्याकडं न बघता निघून जायचा. मेळाव्याला पोरं एसटीनं गेली, हा गेला नाही. जबाबदारी मंडळीनं तिच्याकडंच ठेवली. त्याची शेखी तिनं मिरवली नाही आणि त्या पोराची माफीही मागितली नाही. काय चुकलं होतं म्हणून मागायची?

मग एका रविवारी असं झालं. आदल्या दिवशी खानावळीला लग्नाची ऑर्डर होती, तिचे हात खांद्यापासून गळाले होते. उपदेश सुरू झाला, पंखा फिरत होता, आणि कुणाला कळायच्या आत ढोलकीवर हनुवटी टेकून सोजरबाई घोरायला लागली.

ही रीत चालवणारीच झोपली, आता उठवायचं कुणी? माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. आयुष बादल्यांमागून उठला. पाय न वाजवता आला. म्हातारीच्या मांडीवरच्या ढोलकीला, जिला कुणी हात लावायचा नाही तिला, त्यानं कडाडून थाप मारली.

"हात काढा!"

"कोन हाय रं मेल्या!" सोजरबाई ढोलकी कवटाळून उभी राहिली. समोर आयुष, दात काढून. मंडळी हसता हसता खुर्च्यांवरून घसरायला आलेली.

"शिफ्ट सांगा मावशी," आयुष म्हणाला. "कुठल्या शिफ्टवरनं आलात?"

तिनं पदर खोचला, नाक ओढलं, आणि पत्र्याला भोक पडेल अशा आवाजात सांगितलं, "भाकरीची शिफ्ट! लगीन झाल्यापासनं चालू हाय, अजून सुटली न्हाई!"

"आमेन!"

मग तिनं कडवं धरलं. तेही बेसूर.