मनाचे लिहू नये

सहावीच्या भूगोलाच्या पेपरात प्रश्न होता, हिमवृष्टीच्या प्रदेशात घरांची छपरे उतरती का असतात? मी लिहिलं, सगळीकडे नसतात. काश्मीरमध्ये असतात, बर्फ घसरून पडतो. लडाखमध्ये छप्पर मातीचं आणि सपाट. त्यावर गवत रचतात, जर्दाळू वाळवतात आणि बर्फ पडला की वर चढून लाकडी फावड्यानं खाली लोटतात.

वडील रस्त्यांच्या कामावर इंजिनियर, म्हणून दोन हिवाळे आम्ही तिथं भाड्यानं राहिलो होतो. पहाटे घरमालकीण हाक मारायची, की आई आणि मी चहाच्या आधी छपरावर! आळस केला तर माती भिजायची आणि पाणी थेट अंथरुणात.

नारायण पेठेत परत आल्यावर हे सगळं खोटं ठरलं. पेपरावर शून्य, आणि खाली लाल शाईत शेरा, 'मनाचे लिहू नये.'

"पुस्तकात काय दिलंय?" बाईंनी विचारलं.

"पुस्तकात चूक आहे, बाई."

बाई म्हणाल्या, "शहाणपणा पुरे. उद्या सगळ्यांसमोर माफी मागायची."

दुसऱ्या दिवशी मी उभी राहिले. म्हटलं, "नाही मागणार. मी त्या छपरावर उभी होते." आठवडाभर भूगोलाच्या तासाला मी वर्गाबाहेर. पेपरावर पालकांची सही हवी होती. आईनं शेऱ्याखाली लिहिलं, 'मीही उभी होते,' आणि सही ठोकली. मार्क गेले उडत. मला खोटारडी ठरवलं होतं, तेच जाता जात नव्हतं.

गेल्या वर्षी सदाशिव पेठेत भाजी घेताना बाई भेटल्या. निवृत्त होऊनही जमाना झालेला.

"लेहला जाऊन आले गं सहलीबरोबर," मेथी निवडत त्या म्हणाल्या. "छपरं सपाटच आहेत की!"

"हो का? अरे वा!"

दुसऱ्या दिवशी तो पेपर घेऊन मी त्यांच्या दारात. पिवळा पडलेला, पण जपलेला. बाईंनी चष्मा लावला. आईची ओळ दोनदा वाचली. मग लाल पेन शोधून शून्यावर नेलं.

"दोन मार्क देते."

"मार्क राहू देत, बाई. तो शेरा खोडा."

त्यांनी पट्टी काढली आणि सरळ रेघ मारून तो खोडला.