भ्यालेला चेहरा

‘सर, मला भीती वाटते हं,’ असं म्हणून बाई छातीवर हात ठेवत. कशाची, ते नंतर कळे. कधी पाल, कधी पत्र्यावर पडलेला नारळ, कधी नुसतीच साहेबांची गाडी. काशीदजवळच्या आमच्या शाळेत शिक्षक दोघंच, बाई आणि मी. असं घाबरट माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. त्याला चिडवल्याशिवाय कुणाला राहवत नाही, आणि मलाही राहवत नसे.

मग एका संस्थेने शाळेला रोबो दिला. घागरीएवढा, दोन इवले हात, तोंडाच्या जागी पडदा. जमिनीवर नदीचं चित्र अंथरायचं आणि त्याला गणितं सोडवत पलीकडे न्यायचं. उत्तर चुकलं की मगर आली असं समजून तो घाबरे. डोळे बशीएवढे, भुवया वर, ओठ थरथरत, आणि बारीक आवाजात ‘वाचवा, वाचवा!’

‘सर, ह्यो आपल्या बाईंवानी करतोय!’ मुलं हसून लोळली. बाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या.

पुढे मुलं मुद्दाम चुकू लागली. सायली तिसरीत, गणितात सगळ्यांत हुशार. तीही सात आणि पाच पंधरा म्हणे आणि पडद्याकडे टक लावून बसे. रोबो ओरडला की टाळ्या. बाईंचं हसू मात्र बंद झालं.

‘सर, हा खेळ नको. मला भीती वाटते.’

‘मगरीची?’

‘चेष्टा नको हो. भ्यालेलं तोंड दिसलं की मुलं टाळ्या वाजवतात. उद्या खऱ्या माणसाचं दिसलं तर?’

‘तेवढं कळतं त्यांना, बाई.’

त्या थंडीत आम्ही मुलांना शिंपले गोळा करायला समुद्रावर नेलं. मी अर्ध्या मुलांना घेऊन सुरूच्या झाडांकडे होतो. बाईंची किंकाळी ऐकू आली. खेकडा असेल, असं मला वाटलं. दुसरी किंकाळी वेगळीच होती.

सायलीला पाण्याने ओढून नेलं होतं. छातीभर पाण्यात ती किनाऱ्याकडे तोंड करून होती. डोळे बशीएवढे, भुवया वर, ओठ थरथरत. आवाज फुटत नव्हता. आणि काठावरची मुलं उड्या मारत, टाळ्या पिटत ओरडत होती, ‘वाचवा, वाचवा!’ खिदळत होती.

पावलं भिजायला घाबरणाऱ्या बाई कमरेच्या वर पाण्यात होत्या. सायलीचं मनगट त्यांच्या हातात होतं आणि दोघीही आत आत चालल्या होत्या. मी नुसता धावत होतो. एका बोटवाल्याने उडी टाकली आणि दोघींना ओढून आणलं. वाळूवर आल्यावरही बाईंची मूठ सुटेना, एकेक बोट उलगडावं लागलं.

दुसऱ्या दिवशी बाई रोबोशेजारी जाऊन बसल्या आणि मुलांना म्हणाल्या, ‘तो भ्याला की हसायचं नाही. जवळ जायचं. हात धरायचा आणि बरोबर उत्तर शोधायचं. उत्तर मिळेपर्यंत हात सोडायचा नाही.’

मुलं शिकली. बाईंची भीती मात्र गेली नाही, वाढलीच. वर्गात शिकवताना लाटेचा आवाज आला की वाक्य अर्धवट राही आणि नजर एकेका मुलावरून फिरे. शेवटी त्यांनी घाटावरच्या गावी बदली मागून घेतली. ‘इथे खिडकीतून समुद्र दिसतो, सर,’ एवढंच म्हणाल्या. आता त्यांच्या वर्गातही मीच शिकवतो, त्या खिडकीकडे पाठ करून.

त्या निघाल्या तेव्हा सगळी शाळा स्टँडवर होती. एसटीने अगदी कानाजवळ हॉर्न दिला. बाई दचकल्या, हात छातीवर गेला.

एकही मूल हसलं नाही. सायली पुढे झाली, तिने तो हात छातीवरून काढून आपल्या दोन्ही हातांत घेतला.

‘भिऊ नका बाई, मी हाय.’

कंडक्टरने घंटा मारली, पुन्हा मारली. ती काही हात सोडेना.